पत्र्यातून खोलीत किती उष्णता उतरते? प्रारणाचे गणित कसे मांडावे

गोव्यातील पावसात गच्ची गळू नये म्हणून तिच्यावर पत्रा घातला जातो, आणि पुढेमागे त्याच पत्र्याखाली एखादी खोलीही काढली जाते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तिथे दुपारी बसवत नाही. फॉल्स सीलिंग लावूनही फारसा फरक पडत नाही, कारण पत्रा आणि सीलिंग यांच्यामधील पोकळीत गरम पृष्ठभाग वर आणि थंड पृष्ठभाग खाली असल्याने हवा थराथरांत स्थिर राहते, अभिसरण जवळजवळ थांबते आणि बहुतेक उष्णता प्रारणाने, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागातून निघणाऱ्या अदृश्य लहरींनी, खाली येते. त्यामुळे एवढ्या एका वाटेचा हिशेब केला तरी पहिल्या अंदाजाला तो पुरतो.

उदाहरणासाठी फोंड्याकडची ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद खोली घेऊ. वर आतून-बाहेरून रंगवलेला पत्रा आहे आणि त्याच्याखाली ३० सेंटीमीटरवर जिप्समचे सीलिंग आहे.

प्रथम दोन्ही पृष्ठभागांचे तापमान मोजावे. कपाळावर धरायची थर्मल गन येथे चालत नाही, कारण तिची मर्यादा शरीराच्या तापमानाच्या आसपासच संपते; कारखान्यात वापरतात तशी गन घ्यावी आणि सीलिंगची एक फळी सरकवून आतून मोजमाप घ्यावे. अशी गन सहसा ०.९५ उत्सर्जकता (पूर्ण काळा पृष्ठभाग १ धरल्यास त्याच तापमानाचा हा पृष्ठभाग किती प्रारण सोडतो ते प्रमाण) गृहीत धरते, त्यामुळे रंगवलेल्या पत्र्यावर ती बऱ्यापैकी खरे सांगते, पण चकचकीत धातूवर रोखली असता समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंबच मोजते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा, पाच मिनिटे थांबावे आणि टेपवर नेम धरावा. आपल्या खोलीत पत्र्याची खालची बाजू ६० अंश सेल्सिअस आणि सीलिंगची वरची बाजू ३८ अंश भरली, असे समजू.

आता दोन्ही आकड्यांत २७३ मिळवून ते केल्विनमध्ये आणावेत: ३३३ आणि ३११. ही पायरी गाळणे हीच सर्वांत मोठी चूक होय, कारण स्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांवरून मांडलेला आणि बोल्टझमान यांनी १८८४ मध्ये सिद्धान्ताने सिद्ध केलेला प्रारणाचा नियम निरपेक्ष, म्हणजे केल्विनमधील, तापमानाच्या चौथ्या घातावर उभा आहे. सेल्सिअसचेच आकडे घातल्यास उत्तर दर चौरस मीटरला जेमतेम ०.६ वॅट येते, आणि तेवढ्याने कोणालाही घाम फुटणार नाही.

या नियमात चौथ्या घाताला ज्याने गुणतात त्या स्थिरांकातील (०.००००००० ५६७) शून्यांचा घोळ टाळण्यासाठी केल्विनच्या आकड्याला १०० ने भागून त्याचा चौथा घात काढावा आणि ५.६७ ने गुणावे. ३.३३ चा चौथा घात सुमारे १२२.९६ आहे, म्हणून पत्र्याचे उत्तर ६९७ येते, ३.११ चा ९३.५५ आहे, म्हणून सीलिंगचे ५३० येते. फरक सुमारे १६७ वॅट प्रति चौरस मीटर. पडताळा हवा असल्यास सरासरी तापमान ३२२ केल्विन धरून ३.२२ चा घन ०.२२६८ ने (५.६७ ची चौपट भागिले १००) गुणावा, ७.५७ येतात, आणि त्याला २२ अंशांच्या फरकाने गुणले की पुन्हा १६७ च मिळतात.

हा आकडा पूर्ण काळ्या पृष्ठभागांचा झाला. रंगवलेला पत्रा आणि जिप्सम यांची उत्सर्जकता प्रत्येकी सुमारे ०.९ असते. समोरासमोरच्या पृष्ठभागांसाठी दोन्ही उत्सर्जकतांचे व्यस्त (१ भागिले उत्सर्जकता) घेऊन त्यांची बेरीज करावी, तीतून १ वजा करावा आणि आलेल्या संख्येने १६७ ला भागावे. १.११ अधिक १.११ उणे १, म्हणजे १.२२, उत्तर सुमारे १३७ वॅट. २० चौरस मीटरला ते २,७३० वॅटच्या घरात जाते, म्हणजे दोन हजार वॅटच्या गीझरपेक्षाही जास्त उष्णता डोक्यावर चालू आहे! खांबांवर उंच उभ्या केलेल्या, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याला हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. तिथे बरेच प्रारण बाजूंनी निसटते आणि उत्तर फुगलेले येते.

आता पत्र्याच्या खालच्या बाजूला ०.०५ उत्सर्जकतेची ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून तेच गणित पुन्हा करू. भाजक २०.११ होतो, दर चौरस मीटरला ८.३ वॅट उरतात आणि पूर्ण खोलीला सुमारे १६६. प्रत्यक्षात फॉइल लावल्यावर पत्रा थोडा अधिक तापतो आणि सीलिंग निवते, शिवाय पोकळीतील हवेतूनही थोडे वहन होतच असते. म्हणून हे अंतिम माप मानू नये, नव्याने तापमाने मोजून आकडे पुन्हा घालावेत.

फॉइलची चकचकीत बाजू पोकळीकडेच असावी लागते. ती पत्रा आणि सीलिंग यांच्यात अंतर न ठेवता दाबून बसवली, तर उष्णता तिच्यातून सरळ वहनाने पार होते आणि पैसे वाया जातात. सीलिंगवर अंथरण्यापेक्षा पत्र्याखाली, तोंड खाली करून लावलेली फॉइल मला अधिक पटते, कारण तिच्यावर धूळ बसत नाही. धुळीने किंवा पावसाळी ओलीने ती निस्तेज होऊन उत्सर्जकता ०.३ वर गेली, तर भाजक ३.४४ होतो आणि १६६ वॅटचे जवळपास ९७० होतात.