टर्किशच्या विभक्ती मराठी माणसाने कशा पकडायच्या

टर्किश शिकताय ना, मग आधी विभक्तीचा तक्ता पाठ करत बसू नका, आपल्या गावाच्या नावांना प्रत्यय लावून बघा. पुणे-दे म्हणजे पुण्यात, पुणे-देन पुण्याहून, पुणे-ये पुण्याला आणि पुणे-निन म्हणजे पुण्याचा-ची-चं सगळंच, कारण तिकडे लिंगच नाहीये. आता कोथरूड घ्या, कोथरूड-दा, कोथरूड-दान, कोथरूड-आ. 'दे'चा 'दा' का झाला? शब्दातला शेवटचा स्वर बघायचा, ए-इ असेल तर दे, आ-ओ-उ असेल तर दा. आणि सामान्यरूपाची भानगड नाही, पुणेचं 'पुण्या' होत नाही, मूळ शब्द बहुतेक वेळा तसाच राहतो, मला तर हे फार सुंदर वाटतं.

खरा वेळ द्या मालकीच्या प्रत्ययांना, कारण आपण 'माझं' वेगळं बोलतो आणि ते लोक घरालाच चिकटवतात. एव म्हणजे घर, एविम माझं घर, एविन तुझं, एवी त्याचं किंवा तिचं, एविमिझ आमचं (आपलं पण तेच, दोन्हीला एकच). क्रम पक्का करा: आधी अनेकवचनाचा लेर, मग मालकी, मग विभक्ती. एव-लेर-इमिझ-दे, आमच्या घरांमध्ये. हा क्रम बदलत नाही.

आता 'माझ्या मावशीच्या घरात' करूया. (मावशीला तेयझे, आत्याला हाला, मामा-काका पण वेगवेगळे, आपल्यासारखंच!) तेयझे-म-इन, म्हणजे माझ्या मावशीच्या, इथे आपण थांबतो पण टर्किशमध्ये घरावरही 'तिचं'चा शिक्का लागतो, म्हणून एव-इ, आणि त्या इ नंतर विभक्ती आली की मध्ये न घुसतो. झालं तेयझेमिन एविन्दे. हे एकच वाक्यांश रोज नवीन माणूस आणि नवीन वस्तू घालून मोठ्याने म्हणा, निम्मं व्याकरण यातच आहे.

कर्माचं पण बघून ठेवा, एव आल्दम म्हणजे घर घेतलं, कुठलंतरी, आणि एवी आल्दम म्हणजे ते ठरावीक घर घेतलं.

पण एवी म्हणजे त्याचं घर असं वर म्हटलंय ना? हो, दोन्ही रूपं सारखीच दिसतात, तसंच एविन्दे म्हणजे तुझ्या घरात आणि त्याच्या घरातही, मागचापुढचा संदर्भ बघायचा, आणि बोलताना गोंधळ होईल असं वाटलं तर पुढे सर्वनाम लावून टाका, सेनिन एविन्दे तुझ्या, ओनुन एविन्दे त्याच्या.