उन्हाची बेगमी

स्टॉकहोमला नवीन आलेल्यांना मी सगळ्यात आधी जाड, काळे पडदे घ्यायला सांगते. बाकीचा संसार सावकाश जमवा. जूनमध्ये इथे सूर्य पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो, रात्री दहानंतर मावळतो, आणि मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. पडदा खिडकीपेक्षा वीतभर रुंद घ्या. कडेच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघसुद्धा तान्ह्या बाळाला उठवायला पुरते.

आम्ही आलो त्या वर्षी एप्रिलमध्ये बसथांब्यावर एक आजी दिसायच्या. छताखाली बाक रिकामं असायचं आणि त्या बाहेर भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभ्या असायच्या. सावली पुढे आली की डोळे न उघडताच दोन पावलं सरकायच्या. उन्हात गेलं की 'टोपी घाल' अशी हाक ऐकत वाढलेल्या मला ते कळेना. डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य बुडालेला पाहिला, तेव्हा कळलं. माझी आई पावसाळ्यासाठी गच्चीवर कुरडया वाळत घालायची. आजी हिवाळ्यासाठी ऊन साठवत होत्या. कवितेच्या वहीत इथलं पहिलं पान त्यांच्यावरच आहे.

मे सरता सरता 'हेग' नावाच्या झाडाला पांढरे तुरे येतात, मग 'सिरेन' जांभळी फुलते. या दोन बहरांमधले दिवस इथल्या लोकांना वर्षातले सर्वांत सुंदर वाटतात, आणि मलाही. तेव्हा घर लावत बसू नका. डबा घ्या आणि पाण्याकाठी जा.

कागदपत्रांची, दुरुस्तीची कामं मात्र मिडसॉमरच्या आत उरका. हा सण १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी असतो आणि त्यानंतर शहर रिकामं होतं. जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे रजा मिळणं हा इथे नोकरदाराचा कायदेशीर हक्क आहे. आमच्या नळाची तक्रार जुलैत केली तर थेट ऑगस्टची तारीख मिळाली. तेव्हा मी फार चिडले होते. आता मीही चार आठवडे फोन उचलत नाही. बसचं उन्हाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेही पाहून ठेवा.

रानात खुशाल हिंडा. 'अलेमान्सरेत्तेन' या हक्काने दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही चालता येतं, बेरी खुडता येतात. फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही. पण गवतातून आलात की मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड बघाच. औषधाच्या दुकानात ती काढायचा बारीक चिमटा मिळतो. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे. ती आधीच घ्या. चावल्या जागी लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

जुलैअखेरीस ब्लूबेरी पिकतात. झुडपं जेमतेम घोट्याच्या वर असतात, तासभर वाकून खुडलं की कंबर धरते आणि बोटं दोन दिवस जांभळी राहतात. मी पाकिटं भरून फ्रीझरमध्ये ठेवते. शेवटचं पाकीट जानेवारीत उघडायचं, असं आमच्या घरी ठरलेलं आहे.