म्हाताऱ्या ताऱ्याची धडधड कशी मोजायची आणि त्यातून काय कळतं

म्हातारे लाल राक्षसी तारे फुगतात, आकसतात आणि त्याच काळात स्वतःचं वस्तुमान अवकाशात सोडत असतात, याचा संबंध नीट कळायला हवा असेल तर एकच तारा धरा आणि त्याच्या मागे लागा. माझ्या मते मीराच धरा, तिमिंगल तारकासमूहातला, ज्याचं तेज बदलतंय हे खगोलनिरीक्षक फाब्रिसियसच्या १५९६ मध्ये लक्षात आलं.

आठवड्यातून एकदा बायनॉक्युलरनं मीराचं तेज आसपासच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून बघायचं. तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. समजा एक तारा ३.५ प्रतीचा, दुसरा ४.१ चा आणि मीरा बरोबर मधोमध वाटतोय, तर वहीत ३.८ लिहा, सोबत तारीख. फक्त टक लावून बघू नका, लाल तारा बघत राहिलं की उगाच जास्त तेजस्वी वाटायला लागतो, त्यामुळे फोकस जरासा बिघडवायचा, पटकन नजर टाकायची आणि आकडा लिहून टाकायचा. मीरा नवव्या प्रतीपर्यंत उतरला की छोटी दुर्बीण लागेल, आणि एप्रिलच्या आसपास तो सूर्याजवळ असतो तेव्हा नोंदीत गॅप पडणारच. दोन-तीन वर्षांनी ग्राफवर दोन शिखरांमधलं अंतर मोजा, साधारण ३३२ दिवस येईल. हाच पिरियड, म्हणजे धडधडीच्या एका ठोक्याला लागणारा काळ.

आता वस्तुमानाचं. धडधड एकटी वायूला बाहेर फेकत नाही, ती त्याला फक्त वर उचलते, हे खूप जण चुकतात. प्रत्येक ठोक्याला शॉकवेव्ह, म्हणजे दाबाची जोरदार लाट उठते, वायू वर जातो, तिथं तापमान १५०० केल्विनच्या खाली आलं की धुळीचे कण जमतात, मग ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना ढकलतो आणि कण वायूलाही सोबत ओढत नेतात, सेकंदाला ५ ते २० किमीनं. ठोका नसेल तर एवढा वायू त्या थंड भागापर्यंत पोचतच नाही.

म्हणून ग्राफमध्ये पिरियडकडे बघा, तेज किती पट बदललं यावर जाऊ नका, कारण त्यातला मोठा वाटा टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू प्रकाश अडवतात त्याचा असतो. ढोबळमानानं पिरियड जितका लांब तितका वस्तुमानाचा ऱ्हास जास्त. ५०० दिवसांच्या पुढे तो वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या लाखाव्या भागापर्यंत जाऊ शकतो, मीराचा कोटीव्या भागाच्या घरात आहे.

२००७ मध्ये नासाच्या गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीला मीरामागे १३ प्रकाशवर्षं लांब शेपूट दिसली, सुमारे ३० हजार वर्षांत सांडलेल्या वायूची. आजचाच पिरियड धरला तर ते होतात जवळपास ३३ हजार ठोके.