मालवणच्या पाण्यातला व्हिडिओ: आधी पारखा, मग सुधारा

आवाज बंद करून क्लिप बघा. माशाचा डोळा स्पष्ट नसेल तर ती सरळ काढून टाका; हुकलेला फोकस एडिटिंगमध्ये परत येत नाही. सगळं हिरवट दिसतं, कारण पाणी लाल रंग आधी शोषतं. पाचेक मीटरवर तो बराच उडालेला असतो. म्हणून त्याच खोलीवर पांढऱ्या पाटीवरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी) घ्या, खोली बदलली की पुन्हा. गढूळ पाण्यात कॅमेऱ्यालगत दिवा लावला तर गाळाचे कणच चमकतात. दिवा हातभर बाजूला, तिरका धरा. झूम नकोच. पाठलाग केला तर नुसती शेपटी मिळते (बहुतेक हौशी क्लिप अशाच!). थांबा, मासा अर्ध्या मीटरवर येऊ द्या आणि १० सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा. आधारासाठी प्रवाळाला हात मात्र लावू नका.