नाशिकहून जर्मनीला बिऱ्हाड हलवताय? या चुका टाळा

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीतून हल्ली दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी जर्मनीला निघालेलं असतं. आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात चार वर्षं काढून परत आलोय हे कळलं, की ती मंडळी संध्याकाळी यादी घेऊन घरी येतात. यादीत पोळपाट-लाटणं, लोणचं, स्वेटर, सगळं असतं. व्हिसा आणि नोकरीच्या कागदांत सहसा कुणी चुकत नाही, कारण त्यांच्या मागे दहा जण लागलेले असतात. आम्ही निस्तरलेले घोळ होते ते तुपाचे, पत्रपेटीचे आणि खिडकीचे.

तूप बॅगेत भरू नका

सासूबाईंनी दोन किलो साजूक तूप कढवून डब्यात भरलं, वर पेढ्यांचा पुडा. उतरल्यावर दोन्ही गेलं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यात तूप, खवा, पनीर सगळं आलं. ताजा कढीपत्ता आणि द्राक्षंही नेऊ नका, त्यांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. चिवडा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त न्या. तुपासाठी जीव टाकण्याची गरजच नाही. तिथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं, की बेरीसुद्धा आपल्यासारखीच धरते. आणि द्राक्षांचं म्हणाल तर मार्चमध्ये तिथल्या दुकानात पाचशे ग्रॅमची डबी दिसली, वर मूळ देश भारत. निफाडकडचीच असणार, असं म्हणून मी ती उगाचच फोटो काढायला विकत घेतली.

कुकर नेताना मात्र तो इंडक्शनवर चालणारा आहे का बघा, ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिथे शोभेचा होतो. भाड्याच्या घरात शेगडी, ओटा, कपाटं असतीलच असंही धरू नका. आम्ही पाहिलेल्या पहिल्या घराच्या स्वयंपाकघरात भिंतीतून आलेला नळाचा पाईप होता, बाकी काही नाही.

पत्रंच येत नाहीत

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत नाव नोंदवायचं, याला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेवा. हे आम्ही वेळेत केलं आणि निवांत बसलो. नोंदणीनंतर कराचा नंबर पोस्टाने येतो, आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टाने येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या. नवऱ्याचं सगळं आलं, माझं काहीच नाही. तीन आठवड्यांनी कारण कळलं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि पत्रपेटीवर फक्त नवऱ्याचं. पेटीवर नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत पाठवतो. तिथे ‘त्या कुलकर्ण्यांकडे द्या’ हा प्रकार नाही. मी वहीच्या कागदाची पट्टी कापून दोन्ही आडनावं लिहिली, वरून चिकटपट्टी लावली, आणि पत्रं सुरू झाली. कराचा नंबर मिळाला नाही तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो, म्हणून ही पट्टी पहिल्याच दिवशी लावा.

नावाचं आणखी एक. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिथे ती दोन्ही तुमचीच नावं समजतात. आमच्या मुलीला शाळेत महिनाभर बापाच्या नावाने हाक मारत होते.

आलेलं पत्र जाहिरात समजून फेकू नका. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना 18.36 युरो आहे, तुमच्याकडे टीव्ही असो वा नसो. आम्ही ते पत्र रद्दीत टाकलं, मग तीन महिन्यांच्या 55.08 युरोंवर दंडाची भर घालून दुसरं आलं.

भिंतीवर काळे ठिपके आले

हे जरा नीट वाचा, कारण यात सगळ्यात जास्त पैसे जातात. बाहेर उणे तापमान म्हणून खिडक्या बंद. आत कुकर, वरण, गरम पाण्याच्या आंघोळी आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे. जानेवारीत एकदा मुलीचं खोडरबर कपाटामागे पडलं म्हणून मी कपाट ओढलं, तर भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी, आणि वास ओल्या गोणपाटाचा. नाशिकला ओल येते ती पावसाळ्यात, बाहेरून. म्हणून मी दोन दिवस गळती शोधत बसले. ही ओल आम्हीच आतून केलेली होती. दमट गरम हवा थंडगार बाहेरच्या भिंतीला टेकली, की तिथे पाणी सुटतं, फ्रीजमधल्या बाटलीवर सुटतं तसं.

नवऱ्याने उपाय म्हणून खिडकी वरून थोडी कलती केली आणि दिवसभर तशीच ठेवली. त्याने हवा फारशी बदलत नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत गारठते आणि बुरशीला नवी जागा मिळते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी हात धरून शिकवलं. हीटर बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा बंद. दिवसातून तीन-चार वेळा. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि जर्मन माणूस ते पूजेइतकं नेमाने करतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. आकडा 60 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, बोटभर नव्हे, चांगलं हातभर अंतर ठेवा म्हणाल्या आजी. खरं तर पाच-दहा सेंटिमीटर पुरे. डाग मोठा असेल तर स्वतः रंग मारून झाकू नका, मालकाला लेखी कळवा. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, आणि वाद झाला की दुरुस्तीचे पैसे त्यातूनच कापले जाऊ शकतात.

फोडणीला छतावरचा धुराचा अलार्म वाजतो, तो वेगळा विषय. टॉवेल हलवा.

बारीकसारीक

दार ओढलं की बंद, आणि बाहेरून मूठ फिरत नाही. किल्ली आत ठेवून कचरा टाकायला जाऊ नका; रविवारी कुलूपवाला बोलावला तर दिवाळीचा बोनस त्याला द्यावा लागेल. रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध आणा. भारतीय लायसन्सवर सहा महिने गाडी चालते, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. मुलांची लसीकरणाची वही हातातल्या बॅगेत ठेवा, शाळा गोवराच्या लसीचा पुरावा मागते. आणि गणपतीसाठी शाळा बुडवून नाशिकला यायचं ठरवू नका, सुट्टीबाहेर परवानगीशिवाय मूल गैरहजर राहिलं तर पालकांना दंड होतो.

इकडच्या बाजूला, साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं, तसंच चालू ठेवता येत नाही. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. इथल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर ओटीपीपायी रडाल.

मुलगी पहिले चार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. आम्ही घाबरून घरी मोडकंतोडकं जर्मन सुरू केलं, ते तिच्या बाईंनीच थांबवलं. घरी तुमची भाषा बोला, जर्मन आमच्यावर सोडा, म्हणाल्या.

सासूबाईंचा फोन रोज रात्री साडेआठला यायचा, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे पाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं आणि साडेआठचे चार झाले. आम्ही कामावर, मुलगी शाळेत. आठवडाभर कुणी फोन उचलला नाही आणि त्या रुसल्या. ‘आई, घड्याळ बदललं’ हे त्यांना दोनदा सांगूनही पटेना. मग त्यांनी कॅलेंडरवर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारांभोवती लाल पेनाने गोल काढले. पुढच्या मार्चमध्ये शनिवारी रात्रीच त्यांचा फोन आला, उद्या घड्याळ पुढे करा म्हणून.