फुटवर्क म्हणजे नेमकं कुठलं फुटवर्क?

यूट्यूबवर नुसतं ‘फुटवर्क’ टाकलं की बॅडमिंटन, बॉक्सिंग, डान्स सगळी भेळ समोर येते, म्हणून आधी शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते बघा.

बॅडमिंटनचा कोच म्हणाला की फुटवर्क कच्चं आहे, तर तो तुमच्या पळण्याच्या स्पीडबद्दल बोलत नाहीये. समोरचा शटल मारतोय त्याच क्षणी तुम्ही छोटीशी उडी घेऊन दोन्ही पायांवर सैल उतरलात का, हे तो बघतोय, त्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. नेटकडे जाताना शेवटचं पाऊल रॅकेटच्या हाताच्या बाजूचं, टाच आधी टेकवायची आणि लगेच परत मध्ये यायचं. मी वर्षभर चवड्यावर धपकन उतरायचो, गुडघ्याने बोंब मारली तेव्हा कुठे कळलं. शटलशिवाय घरी हॉलमध्ये पण प्रॅक्टिस होते, खालच्या मजल्यावरचे वर येईपर्यंत.

क्रिकेटच्या बातम्यांत ह्यालाच पदलालित्य म्हणतात, शब्द देखणा आहे पण लालित्य राहू दे, आधी पाय हलू दे. फुल बॉल असेल तर पुढचा पाय बॉलच्या लाइनजवळ आणि डोकं त्याच्यावर, आखूड असेल तर मागचा पाय स्टंपकडे आणि थोडा ऑफला. क्रीज स्टंपपासून 4 फुटांवर असते म्हणजे मागे जायला जागा आहे, तरी बहुतेक जण अर्धवट पुढे येतात, ना धड इकडे ना तिकडे, मग बॅट-पॅडमधून बोल्ड. सेहवागचे पाय कुठे हलायचे असं सांगू नका प्लीज, त्याची नजर आपल्याकडे नाहीये.

बॉक्सिंगमध्ये डावा पाय पुढे ठेवून उभे असाल तर पुढे सरकताना आधी डावा, मागे जाताना आधी उजवा, पायात पाय अडकवायचा नाही, बास.

कथकच्या क्लासमध्ये फुटवर्क म्हणजे तत्कार, ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’, इथे जागा सोडायचीच नसते. आधी घुंगरू न बांधता तीनतालाच्या 16 मात्रांत सावकाश, प्रत्येक पावलाचा आवाज सारखा यायला लागला की मगच दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात.

इंग्लिश पेपरात पोलिसांचं फुटवर्क म्हणजे पायपीट, आणि पुढाऱ्याचं ‘फॅन्सी फुटवर्क’ म्हणजे शिताफीने अंग काढून घेणं. आणि भाच्याने ‘फुटवर्क मिक्स’ पाठवला तर तो कोचिंगचा व्हिडिओ नाही, शिकागोचं म्युझिक आहे, साधारण 160 बीपीएमचं (म्हणजे मिनिटाला 160 ठोके), त्यावरच्या डान्सलाही फुटवर्कच म्हणतात, डीजे रशाद ऐकून बघा.