पणजीहून क्रूझ पकडायला मुरगाव बंदरात कसं जायचं

पहिली गोष्ट म्हणजे गोव्याची मोठी क्रूझ पणजीत लागत नाही हां, मांडवीत ज्या दिसतात त्या तासाभराच्या फेरीच्या बोटी आणि कॅसिनो, तुमचं जहाज मुरगाव बंदरात म्हणजे वास्कोच्या पुढे, पणजीहून साधारण ३० किमी.

सामान कमी असेल तर कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, वास्को शटल बस बेस्ट. पणजी स्टँडवर खिडकीवर तिकीट काढायचं आणि लायनीत उभं राहायचं, मध्ये कुठे थांबत नाही. पण दोन मोठ्या बॅगा, सोबत आई-बाबा असतील तर नको, मी आईला घेऊन गेले होते, एक बॅग पायाशी आणि एक मांडीवर, तिचे गुडघे पार आखडले, वर वास्को स्टँडवरून बंदराच्या गेटपर्यंत परत रिक्षा शोधायची ती वेगळीच. तेव्हापासून मी सगळ्यांना टॅक्सीच सांगते.

ओला-उबर इथे चालत नाहीत, गोवा माइल्स अ‍ॅप बघा किंवा ओळखीच्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, भाडं आधीच ठरवा आणि 'मुरगाव बंदर, क्रूझ टर्मिनल' असं स्पष्ट सांगा, नुसतं वास्को नको.

नवीन झुआरी पुलामुळे आता बराच वेळ वाचतो, तरी दीड तास हातात ठेवाच, आणि शिगमो (गोव्याचा शिमगा) किंवा कार्निव्हलची मिरवणूक वास्कोत असेल त्या दिवशी दुपारच्या आतच पोचा. गेट कधी बंद होतं ते तिकिटावर बघा, जहाज सुटायची वेळ धरून निघू नका.